हरणांवरील माशीत जीवाणू सापडला, म्हणजे ती रोगवाहक ठरते का?

प्रश्न:
हरणांचे रक्त शोषणाऱ्या लिपोप्टेना सर्व्ही या चपट्या माशीत बार्टोनेला, अ‍ॅनाप्लाझ्मा आणि लाइम रोगास कारणीभूत असणारा बोरेलिया या जीवाणूंचा डीएनए आढळल्याचे वाचनात आले. ही माशी क्वचित माणसालाही चावते. मग गोचिडीप्रमाणे तिलाही या रोगांची वाहक मानावे काय?

उत्तर १:
एवढ्यावरून मानता येणार नाही. पीसीआर चाचणीत (डीएनएच्या अत्यल्प अंशाच्या असंख्य प्रती करून तो ओळखणारी चाचणी) सापडलेला डीएनए नुकत्याच प्यायलेल्या रक्तातलाही असू शकतो. तो जीवाणू माशीच्या शरीरात जगतो, वाढतो आणि पुढच्या चाव्यातून दुसऱ्या प्राण्यात उतरतो, हे वेगळे दाखवावे लागते. शिवाय गोचीड आणि ही माशी या दोघींचे जीवनचक्रच निराळे आहे. लाइम रोग पसरवणारी गोचीड अळी, निम्फ (अळी व प्रौढ यांमधली अवस्था) आणि प्रौढ या तिन्ही अवस्थांत एकेकदा रक्त पिते आणि दर वेळी बहुधा नवा प्राणी गाठते, त्यामुळे एका प्राण्याकडून घेतलेला संसर्ग पुढच्याला देण्याची संधी तिला आपोआप मिळते. ही माशी मात्र हरीण सापडताच पंख गाळते आणि सहसा त्याच अंगावर आयुष्य काढते. माणसाच्या केसांत शिरणारी माशी बहुतेक वेळा कोषातून नुकतीच बाहेर पडलेली, रक्ताचा थेंबही न चाखलेली असते.

उत्तर २:
वरील विवेचन बोरेलियापुरते पटते, पण बार्टोनेलाला तेच माप लावणे घाईचे होईल. बार्टोनेला शोनबुखेन्सिस हा रो हरणांच्या (युरोपातील एक लहान हरीण) रक्तात आढळणारा जीवाणू या माशीतून जिवंत स्वरूपात वेगळा करण्यात आला आहे, म्हणजे इथे प्रश्न केवळ डीएनएचा राहत नाही. मादी एका वेळी एकच अळी पोटात वाढवते आणि ती कोषात जाण्याच्या बेतात असतानाच बाहेर टाकते. इतक्या निकट संबंधात संसर्ग आईकडून संततीकडे जाणे अशक्य नाही, आणि तसे असेल तर ‘रक्त न चाखलेली’ माशी निर्धोक हा युक्तिवाद लंगडा पडतो. माणसाला तिच्या चाव्याने दीर्घकाळ खाजणारी पुरळ येते, हे नक्की. त्या चाव्यातून बार्टोनेलाची लागण होते, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

उत्तर ३:
हरणाची भूमिकाही प्रत्येक जीवाणूसाठी वेगळी आहे, आणि चर्चेत नेमके हेच निसटते. बोरेलिया बर्गडॉर्फेरी हरणाच्या रक्तात टिकत नाही, कारण रक्तातील पूरक प्रथिने (जंतूंना मारणारी, प्रतिकारशक्तीचा भाग असलेली प्रथिने) त्याला मारतात. हरीण प्रौढ गोचिडींना पोसते, जीवाणूचा साठा (म्हणजे तो टिकून राहतो असे प्राणी) मुख्यत्वे उंदरांसारख्या लहान प्राण्यांत असतो. याउलट एर्लिकिया चाफीन्सिस या माणसात रोग निर्माण करणाऱ्या दुसऱ्या जीवाणूचा अमेरिकेतील प्रमुख साठा पांढऱ्या शेपटीचे हरीणच आहे आणि लोन स्टार नावाची गोचीड हा जीवाणू माणसापर्यंत आणते. म्हणून माशीत बोरेलियाचा डीएनए मिळाला, तर तो हरणाच्या रक्तातूनच आला असे न धरता त्या हरणावर त्याच वेळी गोचिडीही होत्या का, हे मी आधी विचारेन.