कागद बंद केला म्हणजे गुणवत्ता सुधारते का?

भोसरीचा तपासनीस
वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांनी फायली बंद करून प्रत्येक मशीनवर टॅबलेट बसवला की रिजेक्शन, म्हणजे सदोष भाग नाकारले जाणे, आपोआप थांबेल, असे एका सदस्यांनी काल ठामपणे लिहिले. ते वाचून राहवले नाही. आमच्याकडे टॅबलेट आले, तरी शिफ्ट संपताना सगळी रीडिंग एकदम भरण्याची सवय तशीच राहिली. पूर्वी पेनाने लिहिले जाणारे 24.98 हे माप आता बोटाने टाइप होते. आयएसओ 9001 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाची 2015ची आवृत्तीसुद्धा दस्तऐवज कोणत्याही माध्यमात चालतात असेच म्हणते, मग एकट्या कागदाला आरोपी का करायचे?

चाकण क्यूए
ती रीडिंग एकदम भरली गेली, हे आपल्याला नोंदीच्या वेळेवरूनच कळले ना? कागदावर ते कधीच उघड झाले नसते. आमच्या एका पुरवठादाराच्या मशीनवर प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या रिव्हिजनचे, म्हणजे जुन्या आवृत्तीचे, ड्रॉइंग लटकत होते आणि नवे ‘कंट्रोल्ड कॉपी’चा शिक्का घेऊन ऑफिसच्या फायलीत पडून होते; बदललेल्या चॅम्फरपायी (कडेच्या तिरक्या कापापायी) अख्खा लॉट परत आला. ग्राहकाने कळवलेल्या अशा बदलाची छाननी 10 कामकाजी दिवसांत व्हावी, अशी आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाची अपेक्षा आहे, परंतु छाननी झालेले ड्रॉइंग मशीनपर्यंत पोहोचलेच नाही तर तिचा उपयोग काय?

सीएनसीवाला
आपण दोघेही ऑपरेटरला खोटारडा ठरवून मोकळे झालात. सायकल टाइम 50 सेकंदांचा, दोन मशीन एकाच्या गळ्यात. त्याने भाग पुसून मायक्रोमीटर लावायचा, हातमोजा काढून कूलंटने ओल्या बोटांनी स्क्रीनवर आकडा टाकायचा आणि टार्गेटही गाठायचे.

चाकण क्यूए
टार्गेट हे खोट्या नोंदीचे समर्थन होऊ शकत नाही. हे भाग ब्रेकमध्ये बसतात.

सीएनसीवाला
समर्थन कोणी केले? शब्द जपून वापरा! माप हळूहळू मर्यादेकडे सरकताना पाहून आमच्या पाळीतल्या एका कंत्राटी मुलाने मशीन थांबवली, इन्सर्ट (कापणारे टोक) बदलला, आणि उत्पादन बुडवले म्हणून सर्वांदेखत बोलणी खाल्ली. त्यानंतर त्याच्या नोंदीत एकही माप सरकले नाही. हे आपले सॉफ्टवेअर कसे पकडणार?

पीपीएपीने त्रस्त
ग्राहकांच्या पोर्टलबद्दलही कोणीतरी बोला. पीपीएपीच्या, म्हणजे भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याच्या प्रक्रियेच्या, त्याच 18 बाबी प्रत्येक ग्राहकाच्या वेगळ्या पोर्टलवर वेगळ्या नमुन्यात चढवण्यात आमचा माणूस अडकून पडतो आणि तेवढा वेळ तो शॉपफ्लोअरवर नसतो.

भोसरीचा तपासनीस
ड्रॉइंगपुरते मान्य करतो, नाइलाजाने का होईना: जुनी रिव्हिजन एका जागेवरून सगळीकडची काढून घेणे कागदाला जमत नाही. मात्र टॅबलेटच्या आधी डेटा केबलचे मायक्रोमीटर घ्या, म्हणजे बटण दाबताच माप थेट नोंदीत जाईल आणि टाइप करण्याचा प्रश्नच उरणार नाही. मशीन थांबवण्याचा अधिकारही ऑपरेटरला लेखी द्या.

चाकण क्यूए
केबलही घेऊ आणि मोजण्याचा वेळ टार्गेटमध्ये धरावा, असा आग्रहही मी धरेन. पण नोंदीची वेळ टिपणे बंद करा असे कोणी म्हणाले, तर ते मी मुळीच ऐकणार नाही.