लेओव्हर आणि अभ्यास : थोडी भर

लेओव्हरमध्ये, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या परगावच्या मुक्कामात, वैमानिकाला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे ऑनलाइन पदवी सहज पूर्ण होते, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. वेळ असतो, पण विश्रांतीचे तास नियमाने झोपेसाठी राखलेले असतात. रात्रभर उड्डाण करून हॉटेलात पोहोचल्यावर एकच परिच्छेद चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही.

म्हणून व्याख्याने ध्वनिमुद्रित आहेत की ठरलेल्या वेळी हजर राहावे लागते, हे विद्यापीठाच्या नावाआधी तपासावे, कारण रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक) साधारणपणे महिन्याचे निघत असले तरी स्टँडबायवर, म्हणजे ऐनवेळच्या बोलावण्यासाठी राखीव, असलेला माणूस दर मंगळवारच्या वर्गाचा शब्द देऊ शकत नाही. माझी एक असाइनमेंट तर निव्वळ घड्याळामुळे हुकली : रोस्टर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), मुदत विद्यापीठाच्या स्थानिक वेळेत, आणि मी तिसऱ्याच देशात. तेव्हापासून सगळ्या मुदती मी यूटीसीतच लिहून ठेवतो. सिम्युलेटर चाचणीच्या (विमानाच्या प्रतिकृतीत होणाऱ्या वैमानिकांच्या परीक्षेच्या) महिन्यात मात्र नवा विषय घेऊच नये.

वैमानिकाला पदवीची गरजच काय, असेही विचारले जाते. अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने जानेवारी 2022 मध्ये वैमानिकांसाठी चार वर्षांच्या पदवीची सक्ती काढली, हे खरे. परंतु वैद्यकीय प्रमाणपत्र गेले की दुसऱ्या दिवसापासून कॉकपिट बंद होते, आणि तेव्हा उड्डाणाबाहेरची पदवी उपयोगी पडते. त्यामुळे विमानशास्त्राऐवजी लेखा किंवा संगणकशास्त्रासारखा विषय निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.