घोड्याचं ड्रेसेज बघायला एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का?

करवीरची_माहेरवाशीण
लेक जर्मनीत असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा आखेनची ड्रेसेज स्पर्धा बघून आले. ड्रेसेज म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर घोडा ठरावीक हालचाली करून दाखवतो आणि पंच त्याला गुण देतात. कोल्हापुरात परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "घोडं तालात चालतंय, त्यात बघायचं काय?" म्हणून हा धागा.

माझं मत स्पष्ट आहे. बघावंच, पण संगीतावरच्या फ्रीस्टाइलच्या मोहात पडू नये. पहिल्यांदा जाणाऱ्याने ग्रां प्री बघावी. २० बाय ६० मीटरचं मैदान, कडेला अक्षरांच्या पाट्या, आणि प्रत्येक स्वार त्याच हालचाली त्याच क्रमाने करणार. सहाएक मिनिटांचा एकेक फेरा. पहिले दोन-तीन घोडे सारखेच वाटतात. मग एकदम डोळा बसतो. एकाचा पिआफ, म्हणजे जागच्या जागी दुडकी, घड्याळासारखा पडतो; दुसरा तेच करताना हळूच पुढे सरकतो, तिसऱ्याचे मागचे पाय उचललेच जात नाहीत. फ्रीस्टाइलमध्ये ढोल-व्हायोलिन वाजत असताना हे नवख्याला दिसत नाही. गाणं आवडलं की घोडा आवडतो!

दुसरं म्हणजे, मुख्य मैदानाइतकाच वेळ सरावाच्या मैदानाशेजारी काढा. खरा स्वार तिथे कळतो.

तालमीतला_गडी
ताई, राग मानू नका, पण ह्यो खेळ न्हवं, परीक्षा हाय. बघणाऱ्यानं पण अभ्यास करून जायचा? खासबागेत पहिल्यांदा आलेल्या पोराला बी कळतंय कोण चीतपट झाला. हितं सात पंच बसणार, शून्य ते दहा मार्क देणार, त्यात बी अर्धा-अर्धा मार्क, मग टक्के निघणार. आमी काय दहावीचा निकाल बघायला जायचं?

करवीरची_माहेरवाशीण
@तालमीतला_गडी चीतपट झालेली कळते हो, पण डाव कुठल्या क्षणी फसला ते वस्तादालाच दिसतं ना? आणि मार्कांचीच गंमत असते. पंच मैदानाच्या वेगवेगळ्या बाजूंना बसलेले असतात. समोरच्याला घोडा सरळ रेषेत आहे की वाकडा ते दिसतं, बाजूच्याला पाऊल किती लांब पडलं ते. त्यामुळे एकाच हालचालीला एक पंच सात देतो, दुसरा आठ, आणि प्रेक्षकांत कुजबुज सुरू होते. आमच्या मागे दोन म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. गुण लागायच्या आधी त्या आपापसात आकडा सांगायच्या आणि पंच चुकला की चक्क चुकचुकायच्या.

साधा_सरळ
कौतुक पुरे. पॅरिस २०२४ च्या तोंडावर काय झालं ते धाग्यात कुणी लिहीत का नाही? ब्रिटनची स्वार शार्लट डुजार्डिन, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांची मालकीण. सराव घेताना घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने पुन्हा पुन्हा मारतानाचा व्हिडिओ आला, तिने माघार घेतली आणि आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने तिच्यावर वर्षाची बंदी घातली. ही काही गल्लीतली स्वार नव्हती. व्हॅलेग्रो घोड्यावर २०१४ मध्ये लंडनला फ्रीस्टाइलचा ९४.३ टक्क्यांचा विक्रम करणारी हीच. सर्वांत वरच्या पायरीवर हे चालत असेल तर तिकीट काढून आपण कशाला टाळी वाजवायची?

बैलगाडा_एके_बैलगाडा
+१. आणि आमच्या बैलांच्या शर्यतीला २०१४ पासून बंदी होती, का तर क्रूरता! मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला तेव्हा कुठे श्वास घेतला. तेव्हा नाकं मुरडणारे आता कोट-टोपी घातलेल्या साहेबाचा घोडा बघायला विमानाने जाणार. चाबूक तिकडे गेला की त्याची कला होते वाटतं.

करवीरची_माहेरवाशीण
मी शर्यतीवर कधी नाक मुरडलेलं नाही, ते दुसऱ्या कुणाला विचारा. बाकी उंच टोपीही गेली, २०२१ पासून हेल्मेट सक्तीचं आहे.

@साधा_सरळ, म्हणूनच मी सरावाच्या मैदानाचं लिहिलं. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या एका स्पर्धेत सरावाच्या वेळचा व्हिडिओ बाहेर आला: हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान खेचलेली, जीभ निळसर पडून बाहेर लोंबलेली. गदारोळ झाला आणि २०१० मध्ये महासंघाला बळजबरीने मान अशी वाकवणं निषिद्ध ठरवावं लागलं. कॅमेरा सरावाच्या मैदानावर होता म्हणून तर झालं. नाक उभ्या रेषेच्या मागे जातंय का, तोंड उघडं पडतंय का, शेपटी सारखी फटकारतेय का, एवढं बघायला पंच व्हावं लागत नाही.

साधा_सरळ
डुजार्डिनचा व्हिडिओ स्पर्धेतल्या मैदानावरचा नव्हता. खाजगी तबेल्यातला होता. तिथे तुमचं तिकीट चालत नाही. प्रेक्षकाला जे दाखवायचं तेवढंच तो बघतो आणि समाधानाने घरी जातो. जगासमोर ९४ टक्के, आणि तबेल्यात काय ते भिंतींना ठाऊक.

वरातीचा_घोडेवाला
मी तिसऱ्या पिढीचा. वराती, मिरवणुका, सारंगखेड्याच्या बाजारातनं घोडी आणतो. इथं बरेच जण ड्रेसेज आणि घोड्याचा नाच एकच समजायलेत, म्हणून लिहितो.

आमचा घोडा नाचतो तेव्हा पुढचे पाय लई उंच जातात, मान वर बांधलेली असते आणि पाठ खाली दबते. लोकं नोटा उधळतात. पिआफमध्ये उलटं पाहिजे: मागचे सांधे वाकले पाहिजेत, पुठ्ठा खाली बसला पाहिजे, वजन मागं आलं पाहिजे, म्हणजे पुढा आपोआप हलका होतो. कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींच्या पुतळ्याचा घोडा कसा मागच्या दोन पायांवर तोललाय, त्या तोलाकडं जाणारी ती वाट हाय. काठी दाखवून चार महिन्यांत नाच शिकवता येतो. ह्याला घोड्याची पाठ आणि पुठ्ठा तयार व्हायला वर्षं जातात. घाई केली की मारच येतो, आमच्यात पण आणि त्यांच्यात पण. साधा_सरळ म्हणतात ते खोटं न्हाई. पण चांगलं झालेलं कसं दिसतं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय वाईट तरी कसं ओळखणार? मला परवडलं तर मी जाणार.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली
परवडलं तर, हेच तर! २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं १९८२ नंतरचं पहिलं. अनुश अगरवालाला वैयक्तिक कांस्यही मिळालं आणि पॅरिसला ड्रेसेजमध्ये उतरलेला तो पहिला भारतीय. अभिमान आहेच. पण अनुश जर्मनीत राहून तयार झाला, त्याचे घोडेही तिकडचे. कोल्हापूरच्या पोराला यातून काय मिळणार? या खेळाला प्रेक्षक म्हणून सुद्धा श्रीमंतच लागतो.

करवीरची_माहेरवाशीण
पॅरिसला अनुशला ६६.४४४ टक्के मिळाले आणि तो पुढच्या फेरीत गेला नाही. ते ९४ च्या शेजारी ठेवून हसू नका. तो आकडा ग्रां प्रीचा आहे, विक्रम फ्रीस्टाइलचा. फ्रीस्टाइलमध्ये कलेचे वेगळे गुण मिळतात.

पैशाचं म्हणाल तर मीही लेकीकडे राहिले म्हणून जमलं. फक्त यासाठी कर्ज काढून जा असं मी कुणाला सांगणार नाही. घरी बसून ग्रां प्रीचा पूर्ण फेरा आवाज बंद करून बघा, निवेदकाचं ऐकू नका. @वरातीचा_घोडेवाला, तुम्ही मात्र जाच. लांब बाजूला बसा, पावलाची लांबी तिथून दिसते. आणि फेरा चालू असताना टाळ्या-शिट्ट्या नाहीत. स्वाराने शेवटचा सलाम केला की मग काय तो आवाज.

साधा_सरळ
"आवाज बंद करून" हे मात्र पटलं. सरावाचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही.

तालमीतला_गडी
सहा मिनिटं शिट्टी न मारता? राहू द्या ताई, आमच्याकडनं व्हायचं न्हाई.