निर्णय होत नसेल तर देवाला कौल लावावा का?

आबोली
मी डोंबिवलीत राहते, नोकरी फोर्टला. बाबा जानेवारीत गेले. मालवण तालुक्यातल्या घरी आई एकटी आहे आणि हापूसची चाळीस कलमं. नोकरी सोडून गावी जावं की आईला इकडे आणावं, यात सहा महिने गेले. वहीत दोन्ही बाजू लिहून झाल्या, मैत्रिणींशी बोलून झालं. रविवारी रात्री जायचं पक्कं ठरतं, सोमवारी सकाळच्या लोकलमध्ये ते राहत नाही. त्यात बाग कराराने घेणारा मागे लागलाय, त्याला पाच वर्षं हवीत.

काकू म्हणते, ग्रामदेवतेला कौल लाव. उजवा आला तर ये, डावा आला तर विषय संपव. मला ते पटू लागलंय. आचऱ्याची गावपळण रामेश्वराच्या कौलाने ठरते, आंगणेवाडीच्या जत्रेची तारीखही भराडीदेवीच्या कौलाने. गावपळणीत कौलावर अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहतो. मग मी का विश्वास ठेवू नये?

कातळ
ताई, नका. गावपळणीतले लोक चौथ्या दिवशी आपापल्या घरी परततात. तुम्ही सोडलेली नोकरी परत येणार नाही.

माझ्या आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. कौल डावा पडला म्हणून पुढे ढकललं. दोन महिन्यांनी एका रात्री आतडं अडकलं, गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. आजी पुढे अकरा वर्षं जगली, पण कोणाला दोष द्यायचा हे तिला कधी कळलं नाही. देवाला देता येईना, स्वतःला देववेना. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला पाण्याने चिकटवलेली कळी आधी कुठल्या बाजूची सुटेल हे ओलाव्यावर ठरतं. त्यावर आईचं म्हातारपण सोपवू नका.

कुळागर
आजोबांचं वाचून वाईट वाटलं. दुखण्याचा कौल लावूच नये, डॉक्टरांकडे जावं. पण बाकी मला पटत नाही.

मी गोव्यातल्या फोंड्याकडचा. आमच्याकडे पाकळीचा प्रसाद घेतात, तोही कौलच. मस्कतच्या नोकरीचं पत्र हातात होतं तेव्हा मीही गेलो होतो. भटजींना म्हटलं, ‘जाऊ की राहू?’ ते म्हणाले, असं नाही, एकच विचार, हो किंवा नाही येईल असं. मला ते एक वाक्य जमेना. गाभाऱ्याबाहेर बराच वेळ उभा राहिलो, तेव्हा कळलं की मला मस्कतबद्दल काही विचारायचंच नव्हतं. भावाच्या डोक्यावरचं कर्ज मी फेडायचं का, हा माझा प्रश्न होता. तुमच्याकडे तर गुरव गाऱ्हाणं मोठ्याने घालतो, लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. प्रश्न चारचौघांत उभा राहतो. वहीपुढे माणूस स्वतःला फसवतो, तिथे नाही फसवता येत.

कातळ
उलट, गावापुढे माणूस जास्त फसवतो. ‘मला आईजवळ राहायचं नाही’ हे गुरवाच्या तोंडून सगळ्यांसमोर कोण वदवून घेईल? ताईंच्या मनात तेच असलं तर? त्यात पाप नाही, पण देवळात ते बाहेर येणार नाही. एक वाक्य करायचंय ना, ते घरी करा.

कलमवाला
कौलाचं तुम्ही बघा, मी बागेचं सांगतो. वेंगुर्ल्याजवळ माझी बाग आहे. पाच वर्षांचा करार करू नका, एका हंगामाचा करा. पैसे कमी मिळतील, पण पुढच्या वर्षी बाग तुमच्या हातात राहील. आणि आज जुलैची १८ तारीख. कल्टार, म्हणजे मोहर वेळेवर यावा म्हणून कलमाच्या मुळाशी घालायचं औषध, घालायची वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. दहा वर्षांवरची कलमं असतील तर ती चुकवू नका. तुमचा विचार चालू असला तरी पालवी यायची ती येतेच, मग मोहर मागे पडतो. मोहरापासून मेपर्यंत बिनपगारी रजा मिळते का बघा. एक हंगाम तिथे काढा, मग ठरवा.

कुळागर
दादांचं पटलं. तरी प्रश्न एकच करून घ्या, ताई. ‘नोकरी सोडू का’ आणि ‘आईजवळ राहू का’ हे दोन आहेत.

आबोली
सगळ्यांचे आभार. काल रात्री एक वाक्य करायला बसले. चार झाली आणि चारही माझ्याबद्दलची. मला एकटं वाटेल का, लोक काय म्हणतील, मी पस्तावेन का. आई एकाही वाक्यात नव्हती. कातळ, तुमचं बोलणं लागलं, कारण त्यातलं थोडं खरं आहे.

सकाळी तिला फोन केला. गावी येण्याचं काढलं नाही, फक्त कल्टारचं विचारलं. ती म्हणाली, ‘माणसाक कालच सांगलंय, मंगळवारी येतलो.’ करारवाल्याला तिने मागच्याच आठवड्यात नाही म्हटलं होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

सोमवार रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय, चार दिवसांची रजा आहे. काकूला अजून काही सांगितलेलं नाही. कलमवाला, चाळीसपैकी सहा कलमं बाबांनी सात वर्षांपूर्वी लावलेली आहेत. त्यांना कल्टार नको ना?

कलमवाला
त्या सहांना नको. चुन्याने खूण करून ठेवा, माणूस घाईत घालून जाईल.