घरचा पोट्टा विकून वही जुळवणाऱ्यांसाठी

रेशीमबाग_सहा_नंबर
काल आपल्या मँचेस्टर युनायटेडवाल्यांच्या ग्रुपवर एका भावाने लिहिलं, "मॅकटॉमिने विकला तो गेल्या दहा वर्षांतला सर्वांत शहाणा व्यवहार. रडणं बंद करा, क्लब म्हणजे धर्मशाळा नाही." त्याखाली वीस-पंचवीस अंगठे. रात्री झोप नाही आली, म्हणून इथे सविस्तर लिहून राहिलो.

पाच वर्षांचा होता आपला मिडफिल्डर मॅकटॉमिने, क्लबच्या दारात आला तेव्हा. तेव्हाचा कोच मोरिन्होने २०१७ मध्ये पहिल्यांदा उतरवला. अडीचशेच्या वर सामने खेळला. ऑक्टोबर २०२३ ची ब्रेंटफर्डची मॅच आठवा. शनिवार होता, आपण ०-१ ने मागे. मी टीव्ही बंद करायला उठलो होतो. ८७ व्या मिनिटाला हा आत आला आणि भरपाई वेळेत दोन गोल मारले. त्या मोसमात सगळे मिळून दहा गोल केले या मिडफिल्डरने. ऑगस्ट २०२४ संपता संपता त्याला अडीच कोटी पौंडांच्या आसपास इटलीच्या नेपोलीला दिला, आणि त्याच आठवड्यात पॅरिसहून मिडफिल्डर उगार्टे आणला तो त्याहून कितीतरी महाग.

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. नेपोली चॅम्पियन. याचे लीगमध्ये १२ गोल, इटलीतला मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू हाच. शेवटच्या दिवशी कॅलियारीविरुद्ध हवेत आडवा होऊन मारलेला गोल. त्याच्या दोनच दिवस आधी आपण बिल्बाओत टॉटनहॅमकडून युरोपा लीगची फायनल हरलो. प्रीमियर लीगमध्ये आपण १५ वे, ४२ गुण. आणि तुम्ही मला शहाणपण शिकवता?

कॉमर्सवाला_प्रतापनगर
ती पोस्ट माझीच होती, तर उत्तरही मीच देतो.

भाऊ, तुम्ही गोल मोजता, मी हिशेबाची वही पाहतो. त्या वेळी प्रीमियर लीगचा नियम होता की तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांच्या वर तोटा चालत नाही. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटली जाते. पाच कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर वर्षाला एक कोटीचा खर्च पडतो. क्लबच्या अकादमीत लहानपणापासून घडवलेल्या मुलाची वहीतली किंमत शून्य, म्हणून तो विकला की आलेली सगळी रक्कम त्याच वर्षीचा नफा. अडीच कोटी म्हणजे अडीच कोटी. चेल्सीने अकादमीतला गॅलाघर याच कारणासाठी ॲटलेटिकोला दिला. त्याआधी माउंट विकला, तो तर आपणच घेतला.

दुसरं. मॅकटॉमिने आपल्याकडे मागे खेळायचा, बॉल मागायला कचरायचा. नेपोलीत कोच कॉन्तेने त्याला पुढे मोकळा सोडला म्हणून तो फुलला. आपल्याकडे राहिला असता तर बेंचवर बसला असता आणि तुम्हीच त्याला शिव्या दिल्या असत्या.

रेशीमबाग_सहा_नंबर
शिव्या मी कधीच दिल्या नाहीत, जुन्या पोस्ट काढून बघा.

वहीचा खड्डा कोणी खणला तेही सांगा की. विंगर अँटनीला आठ कोटी पौंडांहून जास्त मोजले, विकताना त्यातले एक तृतीयांशही परत आले नाहीत. जुलै २०२४ मध्ये कोच टेन हागचा करार वाढवला आणि २८ ऑक्टोबरला त्याला हाकलला. त्याला आणि त्याच्या लोकांना घालवायला एक कोटीहून जास्त पौंड लागले. स्पोर्टिंग डायरेक्टर ॲशवर्थला महिनोन् महिने वाट बघून आणला, तो पाच महिन्यांत बाहेर. चूक साहेबांची आणि भरपाई अकादमीतल्या पोट्ट्याने करायची, हे कोणत्या वहीत बसतं?

ऑक्टोबर १९३७ पासून आपल्या प्रत्येक मॅचच्या चमूत अकादमीचा निदान एक तरी खेळाडू आहे. चार हजारांच्या वर मॅच झाल्या. या क्लबची खरी इस्टेट हीच.

सिव्हिल_लाइन्सवाली_गोली
दोघेही मिडफिल्डवर भांडत बसा. माझं दुखणं गोलपोस्टमधलं आहे.

२०२२-२३ मध्ये आपला गोली डे खेआने लीगमध्ये १७ क्लीन शीट ठेवल्या, म्हणजे १७ मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही, गोल्डन ग्लोव्हचं बक्षीस घेतलं, आणि त्याच उन्हाळ्यात करार संपू दिला. का, तर म्हणे त्याला पायाने खेळता येत नाही. मग ओनाना आणला आणि दोन वर्षं आपण जीव मुठीत धरून बघितलं. तोही शेवटी तुर्कस्तानात लोनवर गेला. हेंडरसन तर घरचाच होता. २०२३ मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला आणि २०२५ च्या एफए कप फायनलमध्ये त्याने मँचेस्टर सिटीची पेनल्टी अडवून कप उचलला.

मी कॉलेजात चार वर्षं गोली होते. मुलींच्या टीमला ग्लोव्ह एकच जोडी, तेही अंगठ्याला फाटलेले. गोलीची चूक सगळ्यांच्या डोळ्यांत राहते, वाचवलेले दहा बॉल कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. म्हणून डे खेआचं मला लागतं.

प्रतापनगरवाल्यांना एकच विचारते. हेंडरसनचा नफा वहीत धरला, तर ओनानावर घातलेले पैसेही त्याच पानावर लिहा ना.

जामठा_वेस्ट_स्टँड
मँचेस्टरचं खूप झालं. घरचा-बाहेरचा हाच वाद असेल तर आपल्या विदर्भाकडे बघा.

साठ वर्षं आपण रणजी ट्रॉफीत फक्त हजेरी लावली. बहुतेक घरचेच होते, आणि सगळ्यांकडून मार खायचो. मग मुंबईहून चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले, वसीम जाफर आला, कर्नाटकचा गणेश सतीश आधीपासून होताच. २०१७-१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला नऊ विकेटने हरवून पहिला कप. पुढच्या वर्षी आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमवर सौराष्ट्रला हरवून दुसरा. जाफरने त्या मोसमात हजारावर धावा केल्या, चाळिशी गाठल्यावर! २०२४-२५ ला करुण नायर, फायनलमध्ये केरळविरुद्ध ८६ आणि १३५. मी पाचही दिवस स्टँडमध्ये होतो. बाहेरचे नकोत म्हणणाऱ्यांनी हे तीन कप परत करावेत.

रेशीमबाग_सहा_नंबर
बाहेरचे नकोत असं मी कुठे म्हटलं? दाखवा. घरचा विकू नका, एवढंच म्हणतोय.

आणि कप फक्त बाहेरच्यांनी आणले हे साफ खोटं. इंदूरच्या फायनलमध्ये हॅटट्रिक गुरबानीची. कॅप्टन फैझ फजल, आपल्या नागपूरचा. दुसऱ्या फायनलमध्ये सरवटेच्या ११ विकेट. तिसऱ्या वेळी २४ वर ३ गेले होते तेव्हा नायरसोबत उभा राहून १५३ काढणारा दानिश मालेवार इथलाच, आणि मोसमात ६९ विकेट घेऊन रणजीचा विक्रम करणारा हर्ष दुबेही इथलाच. बाहेरच्याने शिकवलं, हे मान्य. पण शिकायला घरात पोट्टे होते म्हणून शिकवता आलं. ते विकून टाकले असते तर जाफरने कोणाला शिकवलं असतं?

जामठा_वेस्ट_स्टँड
सरवटेचं नाव काढलंच आहे तर ऐका. तिसऱ्या फायनलमध्ये तो कुठे होता? केरळच्या बाजूने. जामठ्यावर, आपल्याच विरुद्ध बॉलिंग टाकून राहिला होता, विकेटही काढल्या. म्हणून काही कप हुकला का? पहिल्या डावात ३७ ची आघाडी घेतली आणि जिंकलो. घरचा गेला म्हणून घर पडत नाही, राजा.

सिव्हिल_लाइन्सवाली_गोली
थांबा. हर्ष दुबे डावखुरा स्पिनर, सरवटेही डावखुरा स्पिनर. एकाला जागा मिळाली ती दुसरा गेला म्हणून, असंही असू शकतं. प्रत्येक जाणारा विकलेलाच असतो असं नाही. काही जण खेळायला मिळावं म्हणून स्वतः जातात. करुण नायरला कर्नाटकने बाजूला केलं, त्याने क्रिकेटकडे आणखी एक संधी मागितली ती सगळ्या देशाने वाचली, आणि ती संधी त्याला इथे मिळाली. दोन मोसम खेळला, भारताच्या टीममध्ये परत गेला, मग कर्नाटकला परत. त्याच्यावर कोणी रागावू नये.

रेशीमबाग_सहा_नंबर
मी रागावतो. नायरवर नाही, या पद्धतीवर. का, ते आज सांगतोच.

२००९ मध्ये आमच्या मोहल्ल्याची टीम एका सेव्हन्स (सात-सात जणांच्या फुटबॉल) स्पर्धेच्या फायनलला पोचली. स्पर्धेचं नाव घेत नाही. सहा महिने रोज पहाटे साडेपाचला रेशीमबागच्या मैदानावर पळालो होतो आम्ही. फायनलच्या आदल्या रात्री आमच्याच कमिटीने तीन बाहेरचे पोट्टे आणले, पैसे देऊन. मी बाहेर, माझा लहान भाऊ बाहेर. जिंकलो. ट्रॉफीसोबतच्या फोटोत मी आहे, पण अंगावर घरचा शर्ट. जर्सी त्या तिघांपैकी एकाला दिली होती. भावाने त्यानंतर बूट घातले नाहीत. आता तो मिहानमध्ये नोकरी करतो, फुटबॉलचा विषय काढला की उठून जातो.

म्हणून "धर्मशाळा नाही" हे वाक्य मला लागलं.

कामठी_लेफ्टविंग
तीन दिवसांपासून नुसतं वाचून राहिलो. आता मले बोलू द्या.

नागपुरातले लोक मँचेस्टर आणि जामठा यावर बोलतात, शेजारच्या कामठीचं नाव कोणी घेत नाही. आमच्याकडे पोट्ट्याच्या पायात चप्पल नसते पण बॉल असते. रब्बानीचं मैदान पाहा एकदा येऊन.

मी तो बाहेरचा पोट्टा आहे. तुमच्या मॅचचा नाही, २००९ ला मी पंधराचा होतो. पण नंतर आठ वर्षं हेच केलं. तीनशे रुपये, जाण्यायेण्याचं भाडं आणि जिंकलं तर बिर्याणी. ऑटोत चौघं बसून यायचो. जर्सी मैदानावर मिळायची, मॅच संपली की काढून द्यायची, घामासकट. कोणी नाव विचारत नव्हतं, "ए कामठी" म्हणायचे. बाबा विणकाम सोडून हमाली करत होते. त्या तीनशेत घरात दोन दिवसांचा किराणा यायचा. तुमच्या भावाची जागा गेली, वाईट झालं. पण जागा आम्ही नाही घेतली, तुमच्या कमिटीने दिली. आमच्यावर राग काहून?

रेशीमबाग_सहा_नंबर
तुमच्यावर नाही, दादा. लिहिताना तसं वाचलं गेलं असेल तर माझी चूक. त्या तिघांना सोळा वर्षं मनात शिव्या दिल्या हे मात्र खरं आहे. त्यांची नावं मलाही ठाऊक नाहीत, हे आत्ता ध्यानात आलं.

जामठा_वेस्ट_स्टँड
कामठीवाल्या भाऊंनी माझ्याच मुद्द्याला बळ दिलं. बाहेरचा माणूस पोटासाठी येतो आणि जीव तोडून खेळतो.

कामठी_लेफ्टविंग
तुमच्या मुद्द्याला काहीच बळ नाही दिलं. जाफरला आणि नायरला मान मिळाला, नावाने बोलावलं, एकाहून जास्त मोसम ठेवलं. मले एका कमिटीने तरी मोसमभर ठेवलं असतं तर मी तिथला झालो असतो. एका मॅचपुरता आणलेला आणि टीममध्ये घेतलेला यात लय फरक आहे. विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोट्ट्यांना जमवून फुटबॉल सुरू केला, त्यांना कोणी एका मॅचपुरता आणला नव्हता. तिथून पोट्टे बाहेर देशात खेळून आले. मॅकटॉमिनेलाही नेपोलीने टीममध्ये घेतलं म्हणून तो तिथला झाला, एवढंच मले समजते.

कॉमर्सवाला_प्रतापनगर
हे वाचल्यावर माझी पोस्ट पुन्हा वाचली. "धर्मशाळा" हा शब्द मागे घेतो. बाकीचं नाही.

हिशेब हिशेबच राहतो. त्या उन्हाळ्यात कोणाला तरी विकणं भाग होतं. तुम्ही अँटनीचं म्हणता, पण त्याला त्या वेळी कोणी घेत नव्हतं. बाजार ज्याला घेतो तोच विकता येतो. गोलीबाईंनी म्हटलं तसं ओनानाचे पैसे त्याच पानावर लिहिले तर हेंडरसनचा सौदा तोट्याचा दिसतो, हे कबूल. मॅकटॉमिनेच्या जागी उगार्टे आणून आपल्याला काय मिळालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. नफा वहीत आला आणि तो लगेच दुसरीकडे घातला. विक्री बरोबर होती, खरेदी चुकली, असं म्हणेन.

रेशीमबाग_सहा_नंबर
विक्री बरोबर होती हे मी मरेपर्यंत मानणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेन्मार्कविरुद्ध पाठीवर पडत मारलेला त्याचा गोल पाहा. १९९८ नंतर स्कॉटलंड पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेलं. मी मध्यरात्री उठून एकटाच ओरडलो, बायको घाबरून बाहेर आली. क्लबने विकला, मी नाही विकला.

खरेदी चुकली हे तुम्ही लिहिलंत, ते मात्र जपून ठेवतो.

सिव्हिल_लाइन्सवाली_गोली
आणि डे खेआ?

कॉमर्सवाला_प्रतापनगर
डे खेआबद्दल तुमचं बरोबर आहे. त्याला निदान एक वर्ष ठेवायला हवा होता.

कामठी_लेफ्टविंग
रेशीमबागवाले भाऊ, तुमच्या भावाचा बुटाचा नंबर किती? आमची तिशीच्या वरच्यांची टीम आहे, रविवारी सहाला खेळतो. टीममध्ये सहा नंबरची जागा रिकामी आहे आणि राइट बॅकचीही. जर्सी परत घेत नाही आम्ही.

रेशीमबाग_सहा_नंबर
त्याचा नऊ, माझा आठ. तो येईल का सांगता येत नाही. आज रात्री हे सगळं त्याला वाचायला देतो. मी येतो.