मलहॉलंड ड्राइव्ह खरंच भारी हाय का नुसता डोक्याला ताप? (शेवट फोडलाय, न बघितलेल्यांनी वाचू नका)

सातरस्ता_बॉय
मंडळी नमस्कार. रविवारी जुळे सोलापूरला मित्राकडं बसून अमेरिकन डायरेक्टर डेव्हिड लिंचचा हा पिक्चर बघितला, जवळजवळ अडीच तासांचा. पहिले दोन तास मला सगळं कळत होतं, हिरॉइन व्हायला आलेली बेटी, अॅक्सिडेंटनंतर काहीच न आठवणारी रिटा, पर्समध्ये नोटांची बंडलं आणि निळी चावी, दोघी मिळून शोध घेतायत, मस्त चालू होतं. मग ती निळी डबी उघडली आणि बेटीची डायन झाली, रिटाची कॅमिला झाली, कोण कुणाचं काय लागतं काहीच पत्ता नाही. त्यावरनं आमची रात्री उशिरापर्यंत भांडणं. मित्र म्हणतो मास्टरपीस हाय बे, बीबीसीनं २०१६ ला १७७ समीक्षकांना विचारून या शतकातल्या पिक्चरची यादी काढली त्यात हा एक नंबरला. असेल. पण हा मुळात पिक्चर नव्हताच की. १९९९ ला अमेरिकेतल्या एबीसी चॅनलसाठी सिरियलचा पहिला भाग म्हणून शूट केलेला, चॅनलनं नाकारला, मग फ्रेंच कंपनीचे पैसे आले, पुढचं शूट करून जोडलं आणि २००१ ला पिक्चर म्हणून काढला. सुरुवातीला दोन पोलीस येतात, त्यातला एक रॉबर्ट फॉर्स्टर, एवढा मोठा नट, एका सीननंतर परत दिसतच नाही! सिरियलमध्ये पुढं येणार होता, सिरियल झाली नाही, विषय संपला. अर्धवट राहिलेल्या कामाला गूढ म्हणून डोक्यावर का घ्यायचं, कुणीतरी नीट सांगा.

विजापूर_वेस
भावा पोलिसांचं बरोबर हाय तुझं, ते सिरियलमधलं उरलेलंच. पण लिंचनं नंतर जे जोडलं त्यानं आधीच्या सगळ्याचा अर्थ बदलला, ते बघ ना. पहिले दोन तास डायनचं स्वप्न हाय. एकदम सुरुवातीला नाचणारी पोरं झाल्यावर कॅमेरा हळूहळू लाल चादरीवरनं उशीत जातो आणि कुणाचा तरी जोरात श्वास ऐकू येतो, तिथंच सांगितलंय त्यानं. विंकीज हॉटेलातल्या वेट्रेसच्या छातीवरची पट्टी बघ, आधी नाव डायन, शेवटी त्याच हॉटेलात बेटी. बिल्डिंग सांभाळणारी कोको शेवटच्या पार्टीत पिक्चरमधल्या डायरेक्टरची आई निघते. आणि चावी! खरी चावी साधी हाय, सुपारी घेतलेल्यानं काम झाल्यावर ठेवून जायची खूण, स्वप्नात तिचंच तिकोनी काहीतरी होतं. हे चुकून होत नसतं.

निवृत्त_मास्तर
विजापूर वेसवाले, तुम्ही सांगितलेलं सगळं मान्य. पण हे कळायला तुम्ही किती वेळा बघितलात? आमच्या पिढीनं भागवत टॉकीजला एकदा तिकीट काढून पिक्चर बघितला आणि घरी येताना गोष्ट सांगत आलो. चांगल्या पिक्चरमध्ये दुसऱ्यांदा बघितल्यावर जास्त सापडावं, ते मी मानतोच, पण पहिल्यांदा बघणाऱ्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे की नाही? आणि एक सांगा, हा लिंच शेवटपर्यंत कुठल्याच मुलाखतीत अर्थ सांगत नव्हता, पिक्चरनंच बोलावं म्हणायचा, मग डीव्हीडीबरोबर १० क्लू कशाला छापले? पिक्चर बोलत असता तर त्या कागदाची गरज पडली नसती. मला ह्यात प्रेक्षकाबद्दल आदर दिसत नाही.

नेपथ्याच्या_मागे
मास्तर, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलते. हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेला काम केलेली बाई आहे मी, मला त्या कोड्याचं फार काही पडलेलं नाही. मी फक्त ऑडिशनचा सीन सांगते. आधी घरी स्वयंपाकघरात बेटी रिटाबरोबर वाचन करते, हातात सुरी, मोठ्यानं ओरडून, दोघी हसतात, म्हणतात काय फालतू डायलॉग आहेत. मग ऑडिशनला तेच शब्द, एकही बदललेला नाही, समोर वयानं बापासारखा नट, आणि ही त्याचा हात स्वतःकडं ओढून कानात कुजबुजते. खोलीतली सगळी माणसं गप्प. राग कुठला, ओढ कुठली, काही वेगळं करता येत नाही. बेटी झालेल्या नेओमी वॉट्सनं हे केलंय आणि ते समजायला ना क्लू लागतो ना दुसऱ्यांदा बघावं लागतं. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या हातात काय पडतं विचारलंत ना, हे पडतं. मग क्लब सिलेन्सिओ, म्हणजे रात्री दोघी जातात ते थिएटर, तिथला निवेदक आधीच सांगून ठेवतो की बँड नाही, सगळं टेप केलेलं आहे, तरी एक बाई गायला लागल्यावर आपल्याला रडायला येतं, ती कोसळते आणि आवाज चालूच राहतो. एवढं ठणकावून सांगितल्यावरही आपण फसलो हे अंगावर येतं राव.

जकार्ड
आमच्या घरी माग होते म्हणून मला हा पिक्चर आपल्या सोलापुरी चादरीसारखा वाटला, उलटी केली तर नक्षी तीच, फक्त रंग अदलाबदल. स्वप्नात बेटीचं ऑडिशन गाजतं आणि रिटा तिच्यावर अवलंबून, खऱ्यात काम कॅमिलाला मिळतं आणि डायन तिच्या मागं मागं. हे एकदा धरलं की गोष्ट लै साधी हाय, एका पोरीनं प्रेमात आणि कामात हरल्यावर कॅमिलाची सुपारी दिली आणि ते तिला सहन झालं नाही.

सातरस्ता_बॉय
उशी आणि पट्टी दोन्ही चेक केलं, तुम्ही म्हणता तसंच हाय. ऑडिशनचा सीन तर मलाही आवडलेला. पण मास्तरांचा मुद्दा सोडायला मी तयार नाही, स्वप्न म्हटलं की काहीही दाखवायची मुभा मिळते, मग तो काउबॉय का, हॉटेलामागचा काजळी फासल्यासारखा माणूस का, कुणी विचारायचंच नाही? आणि ती म्हातारा-म्हातारी तर मला अजिबात पटली नाहीत.

नेपथ्याच्या_मागे
म्हातारा-म्हातारीचं विचार करून बघा. बेटी विमानतळावर उतरते तेव्हा तिला शुभेच्छा देणारी तीच दोघं, मग गाडीत बसल्यावर ती कशी हसतात ते परत बघा, दात दाखवून, नुसती हसतच राहतात. शेवटी दाराखालून एवढी एवढीशी होऊन येतात आणि तिच्या अंगावर धावतात. घरून निघताना तू मोठी होशील म्हणून सांगणारी माणसं आहेत ती. हरल्यावर सगळ्यात जास्त भीती त्यांचीच वाटते, मुंबईहून परत आलेल्या आमच्या नाटकातल्या पोरांना विचारा.