बेअरफूट बूट: पायांना मोकळीक, की हाडांना आणि खिशाला भुर्दंड?

पायवाट
गादीवाले बूट सोडून मला दोन वर्षं झाली. आता ऑफिस, भाजी मंडई, वेताळ टेकडी, सगळीकडे एकच जोड: पातळ, सपाट तळाचे 'बेअरफूट' बूट. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. तळ जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा, टाच आणि चवडा एकाच पातळीत (नेहमीच्या धावायच्या बुटात टाच बहुधा 8 ते 10 मिलिमीटर उंच असते) आणि पुढची बाजू बोटं पसरतील इतकी रुंद. बूट हातात घेतला तर पोळीसारखी गुंडाळी होते.

माझी करंगळी इतकी वर्षं शेजारच्या बोटाखाली दबलेली होती, ती आता जमिनीला टेकते. मुरूम कुठे आणि कातळ कुठे, हे न बघता पायाला कळतं. टेकडी उतरताना मी पूर्वी धप्प धप्प पाय आपटायचो, तेही गेलं.

आणि हे नुसतं माझं कौतुक नाही. मणिपालच्या दोन डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पायांचे ठसे तपासले होते, 1992 साली ते छापून आलं. पायात काही ना काही घालणाऱ्या मुलांत सपाट तळवे (म्हणजे पावलाला कमान नाही) 8.6 टक्के, अनवाणी वाढलेल्यांत 2.8. त्यातही बंद बूटवाले सगळ्यांत पुढे, चपला-सँडलवाले त्यांच्या मागे. आणि आपण केजीतल्या पोराला मोजे घालून काळ्या बुटात कोंबतो!

माझं मत ठाम आहे. गादीवाला बूट ही धडधाकट पायाला दिलेली कुबडी आहे. बोला.

घाटमाथा
कुबडी म्हणालात म्हणून लिहितोय, कारण मी खरोखरच कुबड्यांवर होतो.

हाफ मॅरेथॉन बरीच वर्षं पळतोय, त्यामुळे वाटलं आपल्याला काय होणार. पहिल्या आठवड्यात पाच किलोमीटर, दुसऱ्या आठवड्यात दहा, तेही सिमेंटच्या रस्त्यावर. पोटऱ्यांचे दगड झाले. ग्रुपमधले म्हणाले, "सवय होईल." तिसऱ्या आठवड्यात चवड्यावर सूज आली. एक्स-रेत काही दिसेना, शेवटी एमआरआयमध्ये सापडलं. दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. पुढचे दोन महिने बायकोने "अजून पळा" एवढंच म्हणून घेतलं.

पायवाट
@घाटमाथा, वाईट वाटलं. पण दुसऱ्याच आठवड्यात दहा किलोमीटर? मी पहिला महिना फक्त घरात आणि सोसायटीत वापरले. हा दोष बुटाचा नाही, घाईचा आहे.

घाटमाथा
अगदी हेच ऐकायचं होतं. अमेरिकेतल्या ब्रिगहम यंग विद्यापीठाचा 2013 चा अभ्यास बघा. 36 अनुभवी धावपटू, 10 आठवडे. त्यातल्या 19 जणांनी पाच बोटांचे (प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले) पातळ बूट हळूहळू वाढवत वापरले, माझ्यासारखे उडी मारून नव्हे. तरीही 10 जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. "घाई केलीस" हे उत्तर फार सोयीचं आहे हो. बरं झालं तर श्रेय बुटाला, बिघडलं तर दोष पायाला.

जुनाखोड
आमचे आजोबा जन्मभर कापशी घालून शेताच्या बांधावरून फिरले. तळ सपाट, टाचेला उंची नाही, गादी नाही. त्याला कुणी 'झिरो ड्रॉप' म्हणायचं नाही, कोल्हापुरी म्हणायचं. आता तेच परदेशी डब्यातून नऊ हजारांना येतं. पायीची वहाण पायीच बरी म्हणतात, ही तर थेट डोक्यावर चढली.

आणि अनवाणीचे एवढे गोडवे गाताना एक लक्षात असू द्या. बारामतीत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या आणि जिंकलेल्या लताबाई करे यांना कुणी बायोमेकॅनिक्स शिकवलं नव्हतं. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. आमच्या गावात अनवाणी म्हणजे भेगा, कुरूप, काटा आणि नशीब वाईट असेल तर विंचू. ज्याला चप्पल परवडायला लागली त्याने ती आधी पोराला घेतली.

पायवाट
काका, शेवटचा मुद्दा मान्य, त्यावर वाद घालायची माझी हिंमत नाही. पण कोल्हापुरीची तुलना पटत नाही. तळ सपाट असला तरी कडक असतो, पाऊल त्यात वाकत नाही. शिवाय सैल झाली की अंगठ्याने धरून चालावं लागतं. आणि माझा जोड नऊ हजारांचा नाही, बावीसशेचा आहे.

मॅरेथॉनचा_भुंगा
अबेबे बिकिला. रोम, 1960. अनवाणी मॅरेथॉन, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंद, सुवर्णपदक. विषय संपला.

जुनाखोड
अबेबे बिकिला. टोकियो, 1964. पायात बूट, 2 तास 12 मिनिटं 11 सेकंद, पुन्हा सुवर्णपदक. आता संपला?

मॅरेथॉनचा_भुंगा
😂 मिलिंद सोमणचं नाव घेणार होतो, आता नाही घेत.

रानजाई
मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोन्ही प्रकारचे पेशंट येतात, म्हणून थोडं सविस्तर.

पातळ बुटाने भार कमी होत नाही, जागा बदलतो. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांचा 2010 चा शोधनिबंध सगळे दाखवतात. लहानपणापासून अनवाणी धावणारे लोक बहुतेक वेळा चवड्यावर किंवा मधल्या पावलावर उतरतात, त्यामुळे टाच आपटल्याचा तो अचानक धक्का बसत नाही. खरंय. पण तो धक्का मग पोटरी आणि टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, झेलते. गुडघे दुखणाऱ्या काहींना यात आराम पडतो. ज्याची टाचेमागची शीर आधीच कुरकुरतेय, त्याची वाट लागते. आणि त्यातून 'दुखापती कमी होतात' असं सिद्ध होत नाही. पाच बोटांचे बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीने असेच दावे केले होते. त्यावरून खटला झाला आणि 2014 मध्ये चूक कबूल न करता साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

चालणं मात्र वेगळं. अनवाणी चालतानाही आपण टाचेवरच उतरतो, धक्का छोटा असतो. रोजच्या चालण्यात असे बूट आठ आठवडे वापरले, तर पावलाचे छोटे स्नायू मुद्दाम व्यायाम केल्याइतके बळकट होतात असं 2019 च्या एका अभ्यासात दिसलं. त्यामुळे पायवाट यांची करंगळी आणि घाटमाथा यांचं हाड, दोन्ही खरं आहे. एक चालत होता, दुसरा सिमेंटवर पळत होता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. "पायाला जमीन कळते" हा सगळा युक्तिवाद पायाला संवेदना आहे हे गृहीत धरतो. मधुमेहात ती हळूहळू जाते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवलं. पायाच्या जखमा चिघळत, कारण दुखणं कळतच नसे आणि माणूस त्याच जागेवर चालत राही. त्यांच्यासाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराचे तळ वापरात आले. आज टाच दुखते म्हटलं की दुकानदार जी एमसीआर चप्पल काढून देतो, ती तीच. तेव्हा घरच्या साखर असलेल्या आई-बाबांना हे पातळ बूट भेट देऊ नका. गादी ही त्यांच्यासाठी कुबडी नाही.

पायवाट
रानजाई, माझ्या बाबांना पंधरा वर्षं साखर आहे. आणि दिवाळीला त्यांच्यासाठी एक जोड मागवून ठेवलाय. परत करतो. वरचं ते 'कुबडी'चं वाक्य 'निरोगी पायांसाठी आणि चालण्यापुरतं' असं वाचावं. पोरांच्या काळ्या बुटांबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.

कोकणकडा
सगळं ठीक, पण पावसात राजगडला शेवाळलेल्या पायऱ्यांवर हे बूट धरतात का, ते सांगा.

पायवाट
खाचा नसलेला तळ असेल तर अजिबात नाही. चोर दरवाज्याच्या वाटेवर मी बसून उतरलो.

जुनाखोड
म्हणजे शेवटी जमीन पायाला नाही, भलतीकडेच कळली.

मॅरेथॉनचा_भुंगा
@घाटमाथा, मग तो जोड विकलात का? नऊ नंबर असेल तर मला द्या.

घाटमाथा
पळायला परत जाड बूट आणि घरात एमसीआर. पण तो जोड देणार नाही. कोपऱ्यावर दूध आणायला जाताना तोच घालतो. हिला सांगू नका.